घरात मूल नसलं तरी शाळेसाठी ‘चूलपट्टी’: क्योतोच्या शाळा म्युझियमची गोष्ट

तुमच्या घरात शाळेत जाणारं एकही मूल नाही. तरीही आळीतल्या शाळेसाठी तुम्हाला दरवर्षी पैसे द्यायचे आहेत. कारण एकच, तुमच्या घरात चूल पेटते.

जपानमधल्या क्योतो शहरात 1869 पासून ही पद्धत होती. तिथल्या लोकांनी त्या एकाच वर्षात आपल्या शहरात 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. प्राथमिक शाळांबद्दलचा देशव्यापी कायदा यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती.

आज या 64 पैकी बहुतेक शाळा त्यांच्या मूळ रूपात उरलेल्या नाहीत. काहींचं हॉटेल झालंय, एकीचं मांगा म्युझियम झालंय, तर एकीत या सगळ्या शाळांची आठवण जपून ठेवलीय. ती जागा म्हणजे ‘क्योतो शहर शाळा इतिहास संग्रहालय’.

शाळांचं म्युझियम म्हणजे जुने बाक आणि पिवळी पडलेली पुस्तकं, असं आपल्याला वाटतं. तेही इथे आहेच. पण शाळा नक्की कोणाची असते, सरकारची, पालकांची की अख्ख्या वस्तीची, या प्रश्नाचं एका शहरानं दिलेलं उत्तर इथे पाहायला मिळतं.

हे म्युझियम आहे कुठे?

क्योतोच्या मध्यभागी शिमोग्यो नावाचा भाग आहे. शिजो-कावारामाची या गजबजलेल्या बाजारपेठेपासून थोडं चालत गेलं की गल्लीत एक भलंमोठं लाकडी दार लागतं. एखाद्या जुन्या गढीचं असावं असं. प्रत्यक्षात ते शाळेचं दार आहे, 1901 मध्ये बांधलेलं.

इथे पूर्वी काइची प्राथमिक शाळा भरायची. तीसुद्धा 1869 च्या 64 शाळांपैकीच एक. मुलं कमी झाल्यामुळे 1992 मध्ये ती बंद झाली आणि 1998 मध्ये याच वास्तूत म्युझियम सुरू झालं. म्हणजे शाळेचा इतिहास सांगणारं म्युझियम एका बंद पडलेल्या शाळेतच भरतं.

राजधानी गेली, तर शाळा कशाला काढल्या?

क्योतो ही हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी होती. इसवी सन 794 पासून सम्राट इथेच राहायचे. रेशमी कापड विणणारे, रंगारी, कुंभार, उदबत्ती आणि कागद विकणारे, पंखे बनवणारे अशा हजारो लोकांची पोटं राजदरबार, सरदार आणि देवळं यांच्यावर चालायची.

1864 मध्ये शहरात दोन फौजांमध्ये लढाई झाली आणि आग लागली. सुमारे 27 हजार घरं जळाली. त्यातून शहर सावरतंय तोवर 1868 मध्ये शोगुनची सत्ता संपून सम्राट मेइजी यांचं नवं सरकार आलं. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेले ते तिथेच राहिले. त्यांच्या मागोमाग दरबारी गेले, अधिकारी गेले, मोठे व्यापारीही गेले. शहराची वस्ती झपाट्यानं घटायला लागली.

गिऱ्हाईकच निघून गेल्यावर बाजारपेठेचं काय होतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आता शहर कशावर जगणार, असा प्रश्न होता. पुढच्या काही वर्षांत क्योतोनं त्याची अनेक उत्तरं शोधली. बिवा सरोवराचं पाणी कालव्यानं शहरात आणलं, ते काम 1890 मध्ये पूर्ण झालं. 1895 मध्ये देशातली पहिली विजेवर चालणारी ट्राम याच शहरात धावली. पण या सगळ्याच्या आधी शहरानं शाळा काढल्या. राजधानीचा मान आता परत येणार नव्हता, तेव्हा पुढच्या पिढीच्या हातात शिक्षण तरी असावं, असा त्यामागचा विचार होता.

‘बांगुमी’ म्हणजे काय?

क्योतोत जुन्या काळापासून आळीआळीची स्वतःची व्यवस्था असायची. राखण कोण करणार, आग लागली तर काय करायचं, सण कसा साजरा करायचा, हे आळीतले लोक मिळून ठरवायचे. नव्या प्रशासनानं अशा बऱ्याच आळ्या एकत्र करून त्यांचे क्रमांकवार गट पाडले. या गटाला म्हणतात ‘बांगुमी’.

प्रत्येक बांगुमीची स्वतःची शाळा असावी, असं ठरलं. काही ठिकाणी दोन बांगुमींनी मिळून एक शाळा काढली. अशा एकूण 64 शाळा झाल्या, म्हणून त्यांना ‘बांगुमी शाळा’ म्हणतात.

यात सरकारचा वाटा होताच. क्योतो प्रांताचा कारभार पाहणारे माकिमुरा मासानाओ हे अधिकारी शाळांसाठी आग्रही होते. पण फक्त वरून हुकूम सुटला असता, तर वर्षभरात 64 शाळा झाल्या नसत्या. वस्तीतली वजनदार माणसं पुढे आली, म्हणून हे जमलं. उदाहरणार्थ, सगळ्यात आधी सुरू झालेल्या शाळेमागे कुमागाई नाओताका हे व्यापारी होते. उदबत्ती आणि लेखनसाहित्य विकणाऱ्या ‘क्युक्योदो’ या पेढीचे ते मालक. ही पेढी क्योतोत आजही चालू आहे.

पैसे आले कुठून?

शाळा बांधायला प्रांताच्या सरकारनं मदत केली, श्रीमंतांनी देणग्या दिल्या. पण इमारत एकदाच बांधायची असते. शिक्षकांचा पगार मात्र दर महिन्याला लागतो. त्यासाठी दोन गोष्टी केल्या गेल्या.

पहिली म्हणजे ‘कामादोकिन’. ‘कामादो’ म्हणजे चूल आणि ‘किन’ म्हणजे पैसे. आपल्याकडे जशी घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी ही चूलपट्टी म्हणायला हरकत नाही. ज्या घरात चूल आहे, त्या घरानं शाळेसाठी वर्गणी द्यायची. घरात मुलं आहेत की नाहीत, हा प्रश्नच नाही. म्हातारं जोडपं असो, नवं लग्न झालेलं असो की एकटी बाई असो, वर्गणी सगळ्यांना सारखीच लागू.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘शाळा कंपनी’. वस्तीतल्या लोकांनी भांडवल गोळा करायचं, ते व्याजानं द्यायचं आणि येणाऱ्या व्याजातून शाळेचा खर्च भागवायचा. म्हणजे एक प्रकारची पतपेढीच, फक्त तिचा नफा शाळेकडे जाणार.

शाळा, पण नुसती शाळा नाही

मुलं नसलेल्या माणसानं शाळेला पैसे का द्यावेत? याचं उत्तर शाळेच्या इमारतीतच होतं.

बांगुमी शाळेत मुलांचे वर्ग भरायचेच, पण तिथेच वस्तीची सभाही व्हायची. वस्तीच्या कारभाराचं कार्यालय तिथेच. देवीची लस टोचून घ्यायला तिथेच जायचं. मोठ्या माणसांसाठी नीतीवरची व्याख्यानंही तिथेच व्हायची. इमारतीवर एक उंच मनोरा असायचा. त्यावरून आगीवर नजर ठेवायची आणि वेळ झाली की ढोल वाजवायचा. 1864 ची आग ज्यांनी पाहिली होती, त्यांना या मनोऱ्याची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल. असा एक मनोरा, पूर्वीच्या युसाई शाळेचा, आजही शिल्लक आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर शाळा, वॉर्ड ऑफिस, लसीकरण केंद्र, फायर ब्रिगेडची चौकी आणि समाजमंदिर, सगळं एकाच छपराखाली. त्यामुळे चूलपट्टी देणाऱ्या प्रत्येक घराला त्यातून काहीतरी मिळतच होतं.

मुलं काय शिकायची?

त्याआधी जपानमध्ये ‘तेराकोया’ नावाच्या छोट्या खासगी शाळा असायच्या. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेशी त्यांचं बरंच साम्य आहे. एक गुरुजी, वेगवेगळ्या वयांची मुलं आणि प्रत्येकाचा वेगळा धडा. पत्र कसं लिहायचं, हिशेब कसा मांडायचा, असं व्यवहाराला लागेल ते शिकवलं जायचं.

व्यापाऱ्यांच्या क्योतोला शिक्षणाची ओढ नवी नव्हती. याच शहरात 1729 पासून इशिदा बाइगान नावाचे विचारवंत आपल्या घरी फुकट व्याख्यानं द्यायचे. कुणीही यावं, बायकांनीही यावं, ओळखपाळख लागत नाही, अशी त्यांची रीत होती. प्रामाणिक व्यापार हा कमीपणाचा धंदा नाही, असं त्यांचं सांगणं. नव्या शाळांमध्ये मोठ्यांसाठी जी व्याख्यानं व्हायची, ती याच परंपरेतली.

बांगुमी शाळांमध्ये वाचन, लेखन आणि गणित हे मुख्य विषय होते. गणितासाठी मणी सरकवायची चौकट, म्हणजे ‘सोरोबान’ वापरायचे. आपल्याकडे अबॅकसचे क्लास निघालेत ना, त्याचाच हा जपानी अवतार. पुढे पाश्चात्त्य पद्धतीचे वर्ग आले आणि त्यांच्यासोबत फळा, तक्ते आणि पाटीही आली.

देशाचा कायदा आला तेव्हा काय झालं?

जपान सरकारनं 1872 मध्ये देशभरासाठी शिक्षणाचा कायदा केला. योजना प्रचंड होती. देशात 53,760 प्राथमिक शाळा काढायच्या, असं कागदावर ठरलं.

पण खर्च बहुतांशी लोकांवरच टाकला होता. वर फी वेगळी. शेतकऱ्याच्या घरातलं कामाला येणारं पोर शाळेत अडकणार आणि त्यासाठी पैसेही त्यानंच द्यायचे. त्यातच सक्तीची लष्करभरती आणि नवे कर आले. 1873 मध्ये देशाच्या काही भागांत दंगली उसळल्या. चिडलेल्या लोकांनी सरकारी कचेऱ्यांबरोबर शाळाही जाळल्या.

क्योतोतही शाळांचा भार लोकांवरच होता. पण इथली शाळा वस्तीच्या कामाची होती आणि तिच्या उभारणीत वस्तीतली माणसं होती. तेवढ्यावरून सगळं समजतं असं नाही, कारण शहर आणि खेडं यांत पैशाचाही फरक होताच. तरीही शाळा लोकांना आपली वाटते की लादलेली, यावर तिचं नशीब बरंच ठरतं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.

त्याच 1872 मध्ये फुकुझावा युकिची क्योतोला आले. जपानमधले हे फार मोठे विचारवंत. आजवर दहा हजार येनच्या नोटेवर तुम्ही ज्यांचा चेहरा पाहिला असेल, ते हेच. 2024 मध्ये नोट बदलेपर्यंत त्यांचं चित्र तिच्यावर होतं. त्यांनी युरोप-अमेरिकेतल्या शाळा पाहिल्या होत्या आणि आपल्या देशात तसं काही व्हावं म्हणून ते धडपडत होते. क्योतोच्या शाळा पाहून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्यावर एक वेगळी पुस्तिकाच लिहिली.

शहर तेवढ्यावर थांबलं नाही. 1878 मध्ये अंध आणि मूकबधिर मुलांसाठी सार्वजनिक शाळा क्योतोत सुरू झाली. जपानमधली ही अशी पहिली शाळा. तिची सुरुवात झाली ती एका बांगुमी शाळेतल्या शिक्षकाच्या प्रयत्नांतून. त्यांचं नाव फुरुकावा ताशिरो.

चहापत्तीच्या दुकानातली मुलगी

या म्युझियमच्या वास्तूत शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे देशभर गाजली. तिचं नाव उएमुरा शोएन.

शोएनचा जन्म 1875 चा. ती जन्मण्याआधीच वडील वारले. आईनं चहापत्तीचं दुकान चालवून दोन मुलींना वाढवलं. शोएन काइची शाळेत शिकली आणि तिथून 1887 मध्ये चित्रकलेच्या शाळेत गेली. मुलीनं चित्रकार व्हायचं, ही कल्पनाच त्या काळी नातेवाइकांना पटणारी नव्हती. आई मात्र तिच्या मागे उभी राहिली. 1948 मध्ये शोएनला जपानचा ‘संस्कृती सन्मान’ मिळाला. हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

तिचं एक चित्र या म्युझियमच्या संग्रहात आहे. विषय आहे चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसची आई. मुलगा शिक्षण अर्धवट सोडून घरी आला, तेव्हा मागावरचं विणत असलेलं कापड तिनं मधोमध कापून टाकलं. शिक्षण मध्येच सोडणं म्हणजे हेच, असं तिला दाखवायचं होतं. मुलींसाठी दुकान चालवणारी आई जिनं पाहिली, तिनं हा विषय निवडावा, यात नवल नाही.

हे एकच चित्र नाही. क्योतो हे चित्रकार, कुंभार आणि विणकरांचं शहर. शाळेत शिकून गेलेले किंवा आसपास राहणारे कलाकार शाळेला आपली चित्रं, भांडी, पडदे भेट द्यायचे. शाळा बंद झाल्या तेव्हा यातल्या कितीतरी वस्तू या म्युझियमकडे आल्या. त्यामुळे शाळांच्या म्युझियममध्ये नामवंतांची चित्रंही पाहायला मिळतात.

सगळं छानच होतं का?

नाही. आणि हेही सांगायला हवं.

शाळेचा खर्च वस्तीनं करायचा म्हटलं, की श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत होणार आणि गरीब वस्तीची गरीब राहणार. क्योतोत तेच झालं. मुरोमाची भागात किमोनोच्या कापडाचे बडे व्यापारी राहायचे. तिथल्या मेइरिन शाळेची 1931 मध्ये बांधलेली इमारत आजही पाहणाऱ्याला थक्क करते. सगळ्याच वस्त्यांना असं परवडणारं नव्हतं. शाळेचा भार वस्तीवर टाकणारी ही व्यवस्था शेवटी 1941 मध्ये मोडीत निघाली.

शाळा झाल्या म्हणून सगळी मुलं शाळेत गेली, असंही नाही. मुली बराच काळ मागे राहिल्या. देशभरात प्राथमिक शाळांची फी 1900 मध्ये रद्द झाली आणि त्यानंतरच शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण मुलांच्या जवळ यायला लागलं.

याच सुमारास मुलींच्या उच्च शिक्षणासाठी तोक्योत 1901 मध्ये जपान महिला विद्यापीठ सुरू झालं. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका पुढे पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. त्यातून प्रेरणा घेऊन महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणून ओळखतो.

आणखी एक गोष्ट. 1890 मध्ये सम्राटाच्या नावानं शिक्षणाबद्दलचं एक फर्मान निघालं. शाळाशाळांतून ते समारंभानं वाचलं जाऊ लागलं. सम्राट आणि देशासाठी त्याग करायचा, हे मुलांच्या मनावर ठसवलं गेलं. 1941 मध्ये प्राथमिक शाळांचं नावच बदलून ‘राष्ट्रीय शाळा’ केलं गेलं. 1945 मध्ये जपान हरला आणि त्याच मुलांना, त्याच वर्गात, पुस्तकातल्या युद्धखोर ओळींवर काळी शाई फासायला सांगितलं गेलं. काल जे शिक्षक हे धडे पाठ करून घेत होते, तेच आज ते खोडायला सांगत होते. शाळा माणूस घडवते हे खरं, पण घडवणाऱ्याच्या मनात काय आहे यावर बरंच अवलंबून असतं.

मुलं कमी झाली, मग शाळांचं काय केलं?

युद्धानंतर लोक शहराच्या मध्यभागातून बाहेर राहायला गेले. पुढे जन्मदरही घटला. एकेका बांगुमी शाळेत मुलं मोजकीच उरली. 1990 च्या दशकात शहराच्या मध्यभागातल्या बऱ्याच शाळा एकमेकींत विलीन केल्या गेल्या.

मोक्याच्या जागी रिकाम्या इमारती. विकल्या असत्या तर चांगला पैसा आला असता. पण या जागा वस्तीनं आपल्या पैशांतून उभ्या केल्या होत्या. त्यामुळे त्यांचं काय करायचं हे ठरवताना स्थानिक लोकांशी बोलण्याची पद्धत पडली. त्यातून काय काय झालं पाहा:

- काइची शाळा: 1998 पासून शाळा इतिहास संग्रहालय.
- मेइरिन शाळा: 2000 पासून क्योतो आर्ट सेंटर. जुन्या वर्गांमध्ये कलाकार काम करतात.
- तात्सुइके शाळा: 2006 पासून आंतरराष्ट्रीय मांगा म्युझियम. शाळेच्या मैदानातल्या हिरवळीवर लोक निवांत पडून कॉमिक्स वाचतात.
- रिस्सेइ शाळा: 2020 पासून हॉटेल. पण त्याच संकुलात वाचनालय आणि वस्तीसाठी जागाही ठेवली आहे.

म्युझियममध्ये आणखी काय आहे?

तेराकोयाच्या काळापासूनची पाठ्यपुस्तकं, पाट्या, तक्ते, वर्गातली वाद्यं, बाक असं बरंच काही. जपानी लोक सगळ्यात जास्त रमतात ते शाळेतल्या जेवणाच्या नमुन्यांपाशी. जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावात झाली असं मानतात. गरीब मुलांसाठी तिथे भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं दिलं जायचं. आपल्याकडे शाळेतल्या खिचडीचा विषय निघाला की जे होतं, तेच तिथे या नमुन्यांसमोर होतं. जो तो आपल्या वेळचं जेवण शोधतो.

आज यातून काय उरलंय?

शाळा गेल्या, पण त्यांच्या हद्दी राहिल्या. क्योतोच्या मध्यभागात आजही ‘मोतोगाक्कु’, म्हणजे जुन्या शाळेची हद्द, हा शब्द रोजच्या वापरात आहे. सरकारी नकाशात तिला फारसं स्थान नाही. पण आग विझवणारी स्वयंसेवकांची पथकं, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस, भूकंपाच्या वेळी कुठे जमायचं आणि वस्तीच्या क्रीडास्पर्धा, हे सगळं याच हद्दींनुसार चालतं. ज्या शाळेत आता वर्ग भरत नाहीत, तिच्या नावानं माणसं अजून एकत्र येतात.

पटसंख्या कमी झाली की शाळा बंद करायची, हा हिशेब जगभर सारखाच मांडला जातो. मुलं किती, शिक्षक किती, खर्च किती. क्योतोतही तो मांडला गेला आणि शाळा बंद झाल्याच. पण त्या शहरानं हिशेबात आणखी एक रकाना धरला. शाळेत मुलांखेरीज कोण कोण येत होतं आणि शाळा गेल्यावर ती माणसं कुठे जमणार? 1869 मध्ये मूल नसलेल्या घरानंही चूलपट्टी दिली होती. त्यामुळे शाळा बंद करताना त्या घरालाही विचारावंच लागलं.